अटॅचमेंट उघडण्याआधी : प्रस्तावना

‘अनोळखी माणसाकडून आलेली अटॅचमेंट उघडू नका.’ संगणकाच्या सुरक्षेवरचं कोणतंही पत्रक घ्या, कोणत्याही कार्यशाळेला जा. हे वाक्य तिथे भेटतंच. सल्ला चुकीचा नाही, पण ज्यांना तो सगळ्यात जास्त लागू पडायला हवा त्यांच्या तो उपयोगाचा नाही. महाविद्यालयाच्या कार्यालयात प्रवेश अर्ज घेणारी लिपिक, कारखान्याच्या एचआर विभागात बायोडाटे चाळणारा मुलगा, सीएच्या ऑफिसात क्लायंटची स्टेटमेंटं गोळा करणारा आर्टिकल, दिवाळी अंकाच्या पत्त्यावर येणाऱ्या कथा-कविता वेगळ्या काढणारी सहायक, सोसायटीचा सेक्रेटरी, पतसंस्थेचा शाखाधिकारी या सगळ्यांचं कामच मुळी अनोळखी माणसांच्या फाइली उघडण्याचं आहे. त्यांनी हा सल्ला शब्दशः पाळला तर दुपारपर्यंत त्यांचं ऑफिस बंद पडेल. म्हणून ते तो पाळत नाहीत आणि एखाद्या दिवशी काही विपरीत घडलं की सगळा ठपका त्यांच्यावरच येतो. हे पुस्तक अशा माणसांसाठी लिहिलं आहे.

फाइल उघडायची की नाही, या प्रश्नाच्याही आधी ती कोणत्या क्रमाने हाताळायची हा प्रश्न येतो, असं माझं म्हणणं आहे. आपल्याकडच्या कुठल्याही जुन्या कार्यालयात कागद आला की तो आधी आवक होतो. तारखेचा शिक्का बसतो, क्रमांक पडतो, कोणाकडून आला आणि कशाबद्दल आहे याची नोंद होते आणि मगच तो संबंधित टेबलावर जातो. अटॅचमेंटच्या वाट्याला मात्र ही शिस्त आली नाही. मेल दिसला, खाली फाइल दिसली, त्यावर क्लिक झालं आणि ती उघडली. येणं, स्वीकारणं आणि वापरणं या तीन वेगळ्या गोष्टी एका क्लिकमध्ये उरकल्या जातात. त्या पुन्हा वेगळ्या करणं, म्हणजे आधी पाहणं, मग ठरलेल्या जागी उतरवून घेणं, मग तपासणं आणि शेवटी उघडणं, एवढंच या पुस्तकाचं सांगणं आहे. बाकीची प्रकरणं या एका गोष्टीचा तपशील आहेत.

अटॅचमेंट म्हणजे नक्की काय, हे आधी समजून घेतलेलं बरं. रे टॉमलिन्सन यांनी १९७१ साली एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर पहिला नेटवर्क मेल पाठवला तेव्हापासून पुढची वीसेक वर्षं ई-मेल म्हणजे निव्वळ अक्षरं होती, तीही इंग्रजी. चित्र, आवाज किंवा देवनागरी मजकूर त्यातून सरळ जाऊ शकत नसे. १९९२ मध्ये नॅथॅनिएल बोरेनस्टाइन आणि नेड फ्रीड यांनी ‘माइम’ नावाचं मानक तयार केलं आणि त्या वर्षीच्या मार्च महिन्यात बोरेनस्टाइन यांनी आपल्या चौघांच्या गायनसंचाचा फोटो आणि गाण्याचं ध्वनिमुद्रण मेलला जोडून पाठवलं. आज आपण ज्याला अटॅचमेंट म्हणतो तिची सुरुवात तिथून धरतात. त्यातली युक्ती साधी आहे. फाइलचे तीन-तीन बाइट घ्यायचे आणि त्यांचं चार अक्षरांत रूपांतर करायचं. म्हणजे कोणतीही फाइल अक्षरांच्या लांबलचक ओळी होऊन साध्या मेलमधून जाते आणि पलीकडे पोचल्यावर पुन्हा मूळ रूपात येते. फाइल त्यामुळे प्रवासात सुमारे एक तृतीयांशाने फुगते. आपल्या डिस्कवर मर्यादेच्या आत दिसणारी फाइल मेलने जाताना अडते, त्याला कधीकधी हेच कारण असतं.

आपल्या दृष्टीने यातली महत्त्वाची बाब वेगळीच आहे. त्या अक्षरांच्या ओळींवर एक मथळा असतो, त्यात फाइलचं नाव आणि प्रकार लिहिलेला असतो आणि हे दोन्ही लिहितो पाठवणारा. मेलमध्ये ‘वीजबिल जून’ असं नाव आणि शेजारी पीडीएफचं लाल चिन्ह दिसलं, तर आत वीजबिलच आहे याची कुणीही खातरजमा केलेली नसते. गेल्या पंचवीस वर्षांतल्या अनेक फसवणुकी या फटीतून आत शिरल्या आहेत.

४ मे २००० चा दिवस या इतिहासात कायमचा नोंदला गेला. ‘आय लव्ह यू’ असा विषय असलेले मेल फिलिपिन्समधून निघाले आणि काही तासांत आशियातून युरोप, अमेरिकेत पसरले. सोबत जोडलेल्या फाइलचं पूर्ण नाव होतं ‘लव्ह-लेटर-फॉर-यू डॉट टीएक्सटी डॉट व्हीबीएस’. यातलं शेवटचं ‘व्हीबीएस’ हेच तिचं खरं स्वरूप; तो विंडोजवर चालणारा एक प्रोग्रॅम होता. पण ओळखीच्या प्रकारच्या फाइलींचा शेवटचा तुकडा लपवून ठेवायची सवय विंडोजला लावलेली आहे. त्यामुळे असंख्य लोकांना नाव दिसलं ते ‘डॉट टीएक्सटी’पर्यंतच, म्हणजे साधी मजकुराची फाइल. ती उघडली की तो प्रोग्रॅम डिस्कवरची चित्रं खोडून त्यांच्या जागी स्वतःची प्रत ठेवत असे आणि आउटलुक या मेल प्रोग्रॅमच्या पत्त्यांच्या वहीतल्या प्रत्येकाला तोच मेल पाठवत असे. म्हणजे पुढच्या माणसाला तो ओळखीच्या माणसाकडून येई. ब्रिटनच्या हाउस ऑफ कॉमन्सला आपली मेल यंत्रणा काही काळ बंद ठेवावी लागली. मनिलामधला ओनेल दे गुझमान हा विद्यार्थी त्यामागे होता. पण असं कृत्य गुन्हा ठरवणारा कायदाच तेव्हा फिलिपिन्समध्ये नव्हता आणि त्याच्यावर खटला उभा राहू शकला नाही. फिलिपिन्सने त्या जूनमध्ये कायदा केला. भारताचा माहिती तंत्रज्ञान कायदाही त्याच वर्षीचा; १७ ऑक्टोबर २००० पासून तो लागू झाला.

त्याआधी वर्षभर, २६ मार्च १९९९ रोजी, ‘मेलिसा’ या व्हायरसने वर्डच्या फाइलमध्ये दडून पत्त्यांच्या वहीतल्या पहिल्या ५० जणांना स्वतःला पाठवून दाखवलंच होतं. नंतर फेब्रुवारी २००१ मध्ये टेनिसपटू अ‍ॅना कुर्निकोवाच्या फोटोचं नाव घेऊन तीच व्हीबीएसची चाल पुन्हा यशस्वी झाली. चाल उघड झाली होती, वर्तमानपत्रांत छापून आली होती, तरी ती वर्षभरात पुन्हा लागू पडली. कारण नावाचा शेवटचा तुकडा लपवण्याची विंडोजची सवय तशीच होती. ती आजही तशीच आहे. म्हणून या पुस्तकातलं पहिलं काम वाचकाने आत्ताच करावं, पान उलटण्याआधी. विंडोज ११ मध्ये कोणतंही फोल्डर उघडा, वर ‘व्ह्यू’ वर क्लिक करा, त्यातल्या ‘शो’ मध्ये जा आणि ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’ वर टिक करा. आता जवळजवळ प्रत्येक फाइलचं नाव शेवटच्या टोकापर्यंत दिसेल. ‘बायोडाटा डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई’ अशी फाइल आली तर तिचं शेपूट उघडं पडेल. अर्ध्या मिनिटाच्या या कामाला पैसा लागत नाही आणि परवानगीही लागत नाही.

शेपूट वाचायची सवय लागली की निम्मी परीक्षा पार पडते. ईएक्सई, एससीआर, बीएटी, व्हीबीएस, जेएस, एलएनके, आयएसओ ही शेपटं असलेली फाइल अर्ज, बिल किंवा कथा कधीच नसते. अशा फाइली मेलने कोणी सरळ हेतूने पाठवत नाही. जीमेल यांतले अनेक प्रकार मुळात स्वीकारतच नाही. उघड प्रोग्रॅम आणि साधी फाइल यांच्या मधला प्रकार अधिक फसवा असतो. समजा, ‘एचटीएमएल’ प्रकारची फाइल जोडून आली आहे. क्लिक केल्यावर ब्राउझर उघडतो आणि बँकेचं किंवा मेलचं हुबेहूब लॉगिन पान समोर येतं. लोगो बरोबर, रंग बरोबर, ‘सत्र संपले, पुन्हा लॉगिन करा’ ही सूचनाही बरोबर. त्या वेळी नजर वर पत्त्याच्या पट्टीवर न्यावी. तिथे बँकेच्या संकेतस्थळाचं नाव नसतं, ‘फाइल’ या शब्दाने सुरू होणारा आपल्याच डाउनलोड फोल्डरचा मार्ग असतो. बँकेचं पान आपल्या डाउनलोड फोल्डरमध्ये राहत नाही. हे ज्याच्या एकदा लक्षात आलं तो त्या पानावर पासवर्ड टाकणार नाही.

आता पुन्हा त्या बायोडाटे चाळणाऱ्या माणसाकडे येऊ, कारण हल्लेखोरही त्याच्याकडेच येतात. २०११ मध्ये आरएसए या अमेरिकी सुरक्षा कंपनीच्या काही कर्मचाऱ्यांना नोकरभरतीच्या आराखड्याची एक्सेल फाइल मेलने आली. मेल स्पॅममध्ये गेला होता. एका कर्मचाऱ्याने तो तिथून बाहेर काढून फाइल उघडली. फाइलच्या पोटात फ्लॅश या प्रोग्रॅममधल्या, तोवर कुणालाही माहीत नसलेल्या दोषाचा फायदा घेणारा तुकडा होता. इतर कंपन्यांना सुरक्षा विकणाऱ्या या कंपनीवर पुढे ग्राहकांची सुरक्षा टोकन बदलून देण्याची वेळ आली. बांगलादेश बँकेची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेतल्या तिच्या खात्यातून ९५ कोटी १० लाख डॉलर काढण्याच्या सूचना गेल्या; त्यांतले ८ कोटी १० लाख डॉलर मनिलातल्या खात्यांत पोचले. अमेरिकी न्यायखात्याने २०१८ मध्ये मांडलेल्या आरोपांनुसार या प्रकरणाची सुरुवात वर्षभर आधी, जानेवारी २०१५ मध्ये झाली होती. बँकेच्या कर्मचाऱ्यांना नोकरी मागणाऱ्या उमेदवाराचे नम्र मेल आले आणि त्यांत बायोडाट्याच्या झिप फाइलचा दुवा होता. उमेदवाराचा बायोडाटा पाहायचा नाही, तर कर्मचाऱ्याने करायचं काय? ज्याने तो पाहिला त्याने आपलं काम केलं. त्याच्या हाताशी कार्यपद्धती नव्हती, हा दोष बँकेचा.

ओळखीचा माणूस असेल तर काळजी नको, असं मानणंही चुकीचं आहे. ‘एमोटेट’ नावाचा घातक प्रोग्रॅम चालवणाऱ्या टोळीने ही समजूतच मोडीत काढली. एखाद्याचा संगणक हाती आला की त्याच्या मेलपेटीतली जुनी, खरीखुरी संभाषणं ही टोळी चोरत असे आणि त्याच संभाषणाला उत्तर म्हणून नवा मेल पाठवत असे. विषय तोच, वर आपणच लिहिलेला जुना मजकूर आणि सोबत ‘सुधारित फाइल जोडली आहे’ अशी एक ओळ. जानेवारी २०२१ मध्ये अनेक देशांच्या पोलिसांनी युरोपोलच्या साथीने तिची यंत्रणा ताब्यात घेतली, तरी वर्ष संपायच्या आत ती पुन्हा दिसू लागली. त्यामुळे नाव ओळखीचं आहे का, एवढंच विचारून भागत नाही. ही फाइल मी मागितली होती का, आज येणं अपेक्षित होतं का, हा माणूस असंच लिहितो का, हेही विचारावं लागतं. उत्तर ‘नाही’ आलं तर मेललाच उत्तर देऊन शंका विचारू नये, कारण ते उत्तर चोराच्याच हाती पडू शकतं. फोन करावा आणि तोही मेलमध्ये दिलेल्या नंबरवर नाही, आपल्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर.

पासवर्ड लावलेल्या फाइलीबद्दल सविस्तर लिहायला हवं, कारण आपल्याकडे तिची सवय घराघरांत झाली आहे. बँकेचं मासिक स्टेटमेंट पासवर्डसह येतं. ई-आधारच्या पीडीएफला नावाची पहिली चार इंग्रजी मोठी अक्षरं आणि जन्मवर्ष असा पासवर्ड असतो. पासवर्ड मागणारी फाइल म्हणजे अधिक सुरक्षित, असं मग आपल्याला वाटू लागतं. खरा मेल आणि खोटा मेल यांतला फरक इथे नेमका दाखवता येतो. बँक पासवर्डचा नियम सांगते, पासवर्ड सांगत नाही. तो नियम वापरायला लागणारी माहिती, म्हणजे आपली जन्मतारीख किंवा खाते क्रमांक, आपल्याकडे असते. खोट्या मेलमध्ये झिप फाइल असते आणि त्याच मेलमध्ये खाली ‘पासवर्ड १२३४’ असं लिहिलेलं असतं. पासवर्ड त्याच मेलमध्ये द्यायचा असेल तर तो लावलाच कशाला? कारण पासवर्ड लावलेल्या झिपच्या आत मेलच्या तपासणी यंत्राला सहसा डोकावता येत नाही. कुलूप आपल्यासाठी नसून तपासणाऱ्यासाठी असतं. झिप आणि तिचा पासवर्ड एकाच मेलमध्ये आले की फोन केल्याशिवाय ती उघडायची नाही, एवढा एक नियम ऑफिसाने केला तरी बराच धोका टळेल.

फाइल थेट मेलमधून न उघडता आधी उतरवून घ्यावी, असं मी म्हणतो त्यामागे दोन कारणं आहेत. एक तपासणीचं. उतरवलेल्या फाइलचं पूर्ण नाव दिसतं, तिच्यावर राइट क्लिक करून अँटिव्हायरसने ती तपासता येते आणि विंडोज तिच्यावर एक अदृश्य खूण करतं. ही खूण फार मोलाची आहे. इंटरनेटवरून आलेल्या फाइलसोबत विंडोज एक छोटी नोंद ठेवतं, ‘ही बाहेरून आली आहे’. त्या नोंदीमुळेच वर्ड, एक्सेल ती फाइल ‘प्रोटेक्टेड व्ह्यू’ मध्ये, म्हणजे फक्त वाचण्यापुरती उघडतात आणि वर पिवळी पट्टी दाखवतात. जुलै २०२२ पासून मायक्रोसॉफ्टने अशी खूण असलेल्या फाइलींमधले मॅक्रो, म्हणजे आपोआप चालणारे छोटे प्रोग्रॅम, मुळातच बंद करायला सुरुवात केली. मेलिसापासून चालत आलेला मोठा रस्ता त्यामुळे अरुंद झाला. म्हणून तर हल्लेखोर आयएसओ, एलएनके, वननोट अशा वेगळ्या प्रकारांकडे वळले. पण ही खूण नाजूक आहे. फाइल साध्या पेन ड्राइव्हवर नेली की ती बहुधा पुसली जाते आणि त्या पेन ड्राइव्हवरून दुसऱ्या संगणकावर गेलेली फाइल बाहेरची असूनही घरची वाटते. ‘मेल त्या मशीनवर येतो, प्रिंट या मशीनवर निघते’ असं ज्या ऑफिसात आहे, तिथे हे रोज घडतं. पिवळ्या पट्टीवरचं ‘एनेबल एडिटिंग’ हे बटण वाचण्यासाठी लागत नाही, हेही इथेच सांगून ठेवतो. नुसता अर्ज वाचायचा असेल तर ते दाबायचं कारण नाही. फाइलच्या आतच ‘मजकूर दिसण्यासाठी हे बटण दाबा’ असं लिहिलेलं आढळलं तर ती फाइल तिथेच बंद करावी.

याहून सोपी वाटही आहे. जीमेलमध्ये अटॅचमेंटवर क्लिक केलं की दिसणारी झलक गूगलच्या संगणकांवर तयार होते. फाइल आपल्या मशीनवर चालत नाही. नुसतं वाचून निर्णय घ्यायचा असेल तर झलक पुरते. शंका राहिली तर स्पेनमध्ये २००४ साली सुरू झालेली आणि २०१२ पासून गूगलकडे असलेली व्हायरसटोटल ही सेवा एकच फाइल कितीतरी अँटिव्हायरसांकडून तपासून देते. पण तिथे टाकलेली फाइल सुरक्षा कंपन्यांना उपलब्ध होते, हे विसरू नये. कुणाचं आधार, वैद्यकीय अहवाल किंवा पगारपत्रक तिथे टाकणं म्हणजे दुसऱ्याची खाजगी कागदपत्रं परस्पर वाटणं.

अँटिव्हायरसची आणि महाराष्ट्राची जवळीक जुनी आहे. पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात करणारे कैलाश काटकर आणि त्यांचे धाकटे भाऊ संजय यांनी १९९० च्या दशकात, व्हायरस फ्लॉपीतून फिरत होते तेव्हा, जे काम उभं केलं त्यातूनच क्विक हील ही कंपनी झाली. अँटिव्हायरस अपडेट ठेवावाच. पण तो प्रामुख्याने आधी दिसलेल्या गोष्टी आणि त्यांच्यासारख्या गोष्टी ओळखतो. आरएसएच्या फाइलीतला दोष त्या दिवशी कुणाच्याच यादीत नव्हता. अँटिव्हायरस हा क्रमातला एक टप्पा आहे, क्रमाची जागा तो घेऊ शकत नाही.

मराठीत काम करणाऱ्यांच्या वाट्याला एक जास्तीची अडचण येते, ती फॉन्टची. युनिकोड रुळण्याआधीचा किंवा अजूनही जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची रांगोळी दिसते. मग फोन होतो, ‘फॉन्ट पाठवा’. फॉन्ट मेलने येतो, कधी झिपमधून, कधी चक्क इन्स्टॉलरमधून, आणि तो विनाशंका बसवला जातो. अशाच सवयीवर नेम धरणारी फसवणूक झालेली आहे. २०१७ मध्ये काही संकेतस्थळं क्रोममध्ये उघडल्यावर मजकूर मुद्दाम विस्कटलेला दिसे आणि ‘हेफ्लरटेक्स्ट फॉन्ट सापडला नाही, अपडेट करा’ अशी खिडकी येई. जे अपडेट केलं जाई ते घातक असे. प्रकाशक, मुद्रक आणि संपादकांना माझी कळकळीची विनंती आहे की मजकूर युनिकोडमध्ये मागवा, सोबत पीडीएफ मागवा आणि मेलने आलेला फॉन्ट बसवू नका. फॉन्ट लागलाच तर तो ज्याने बनवला त्याच्याकडूनच घ्या.

मोबाइलवर मुख्य धोक्याचं शेपूट म्हणजे एपीके, अ‍ॅप बसवणारी फाइल. लग्नपत्रिका, वाहनाचं चलान, सरकारी योजनेची यादी अशा नावांच्या एपीके फाइली व्हॉट्सअ‍ॅपवर आणि मेलवर फिरतात. पत्रिका चित्र असते किंवा पीडीएफ असते. ती अ‍ॅप नसते. अशी फाइल बसवली आणि तिला एसएमएस वाचायची परवानगी मिळाली की बँकेचे ओटीपी परस्पर जाऊ लागतात. ‘अनोळखी ठिकाणाहून अ‍ॅप बसवू द्यायचं का’ असं फोन विचारतो तेव्हा उत्तर ‘नाही’ असंच द्यायचं. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या फोनमध्ये ही सेटिंग आज रात्रीच तपासून घ्या.

उतरवून घेण्याचं दुसरं कारण जपणुकीचं आहे आणि पुस्तकाचा तिसरा भाग त्यावरच आहे. मेलमधून थेट उघडलेली फाइल संगणक एखाद्या तात्पुरत्या फोल्डरमध्ये ठेवतो. दोन तास बसून लेखात दुरुस्त्या करायच्या, ‘सेव्ह’ दाबायचं, बंद करायचं आणि दुसऱ्या दिवशी मेलमधून पुन्हा उघडल्यावर जुनाच लेख समोर यायचा, हे दुःख अनेक संपादकांच्या ओळखीचं आहे. दुरुस्त्या तात्पुरत्या फोल्डरमध्ये गेल्या आणि तिथून पुसल्या गेल्या. आधी ‘सेव्ह अ‍ॅज’, मग काम, एवढ्यावर हे टळतं. नावही तेव्हाच द्यावं. वर्ष, महिना, दिवस, मग पाठवणाऱ्याचं आडनाव, मग विषय या क्रमाने नाव दिलं की फाइली आपोआप तारखेनुसार लागतात. ‘डॉक्युमेंट १’, ‘फायनल’, ‘फायनल नवीन’ अशा नावांच्या फाइलींतून सहा महिन्यांनी काही सापडत नाही.

मेलपेटी म्हणजे कपाट नव्हे. गूगलच्या मोफत खात्याला मेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून १५ जीबी जागा असते. ती भरली की नवे मेल येणं बंद होतं. शिवाय दोन वर्षं न वापरलेली वैयक्तिक खाती काढून टाकण्याचं धोरण गूगलने डिसेंबर २०२३ पासून राबवायला घेतलं आहे. निवृत्तिवेतनाचे आदेश, घराची कागदपत्रं, वडिलांच्या आजारपणातले अहवाल केवळ एखाद्या जुन्या मेलमध्ये पडून असतील तर ती जोखीम आहे. पीटर क्रोग या छायाचित्रकाराने रूढ केलेला नियम घरालाही लागू पडतो. महत्त्वाच्या फाइलीच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगळ्या साधनांवर असाव्यात आणि एक प्रत घराबाहेर असावी. सरकारी दाखल्यांसाठी जुलै २०१५ पासून सुरू असलेलं डिजिलॉकर आहे. त्यात संबंधित खात्याने थेट दिलेला दस्तऐवज मूळ प्रतीइतकाच ग्राह्य धरला जातो.

एक जागा आपण सगळेच दुर्लक्षित करतो, ती म्हणजे झेरॉक्सचं दुकान. प्रिंट काढायची म्हणून आधार, पॅन, बँकेचं पासबुक आपण दुकानदाराच्या मेलवर किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो. तिथल्या संगणकावर डाउनलोड फोल्डरमध्ये आपल्याआधीच्या गिऱ्हाइकांची कागदपत्रं रांगेत दिसत असतात. आपली त्यांत जाऊन बसतात. प्रिंट हातात आल्यावर ‘माझी फाइल काढून टाका आणि रिसायकल बिनही रिकामी करा’ असं सांगण्यात संकोच नको. शक्य तिथे शेवटचे चारच अंक दिसणारं मास्क्ड आधार वापरा. महा ई-सेवा केंद्रं आणि झेरॉक्सवाले यांनी रोज दुकान बंद करताना डाउनलोड फोल्डर रिकामं करायची प्रथा पाडली तर गिऱ्हाइकांवर मोठे उपकार होतील.

एवढं करूनही कधीतरी चुकीची फाइल उघडली जाईल. त्या क्षणी नेटची वायर काढायची किंवा वायफाय बंद करायचं, संगणकावर आणखी काही करायचं नाही, ताबडतोब वरिष्ठांना सांगायचं आणि मेल, बँकेचे पासवर्ड दुसऱ्या, स्वच्छ उपकरणावरून बदलायचे. पैसे गेले असतील तर १९३० या हेल्पलाइनवर लगेच फोन करायचा. पैसे पुढच्या खात्यांतून निघून जाण्याआधी अडवता येण्याची शक्यता पहिल्या तासांतच असते. संस्थांवर आणखी एक बंधन आहे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार ठरावीक प्रकारच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवाव्या लागतात. कर्मचारी भीतीने दोन दिवस गप्प राहिला तर हे सहा तास कधीच पाळले जाणार नाहीत. म्हणून ज्या ऑफिसात चूक सांगणाऱ्याला मेमो मिळतो, ते ऑफिस स्वतःच आपला धोका वाढवत असतं.

पुस्तकाची रचना याच क्रमाने केली आहे. पहिल्या भागात फाइल ओळखणं, दुसऱ्यात उतरवून तपासणं, तिसऱ्यात नाव, जागा आणि प्रती, चौथ्यात चूक झाल्यावर काय करायचं ते. ज्यांना वेळ नाही त्यांनी दुसरा भाग आधी वाचावा. संगणकाचं शिक्षण झालेलं नसलं तरी काही अडणार नाही. नाव शेवटपर्यंत वाचता आलं आणि फोन करता आला की पुरे.

शेवटचं सांगणं लिपिकांना नाही, त्यांच्या साहेबांना, अध्यक्षांना आणि मालकांना आहे. तुमच्याकडे रोज फाइली उघडणाऱ्या माणसाला थांबण्याची मुभा द्या. ‘फोन करून खात्री केली म्हणून अर्ज अर्धा तास उशिरा पुढे गेला’ हे कारण तुमच्या ऑफिसात चालेल, असं त्याला लेखी द्या, आणि शंका घेतलेली फाइल खरी निघाली तरी त्याला बोल लावू नका. सुरक्षेवर होणारा इतर कोणताही खर्च यानंतर करा.